कोपऱ्यापलीकडे पाहणारा कॅमेरा : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात डॉ. रमेश रासकर यांच्या संशोधनाची ओळख करून दिली आणि पत्रांचा ओघ सुरू झाला. ज्यांच्या हाती तो अंक पडला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रासकर मूळ नाशिकचे. पुण्याच्या सीओईपीतून अभियांत्रिकीची पदवी, अमेरिकेत चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातून पीएचडी, मग मित्सुबिशी इलेक्ट्रिकच्या संशोधन प्रयोगशाळेत काही वर्षं आणि २००८ पासून एमआयटीच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या, मीडिया लॅबमध्ये. तिथल्या त्यांच्या गटाचं नाव ‘कॅमेरा कल्चर’. मी नाशिकमधल्याच एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इमेज प्रोसेसिंग शिकवते, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या तासांचा आणि जिव्हाळ्याचाही. सगळ्याच पत्रांना उत्तर देणं जागेअभावी शक्य नाही. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांचं गाव आणि व्यवसाय तेवढा ठेवला आहे.

प्रश्न (निवृत्त बँक कर्मचारी, सातारा) : तुम्ही त्यांना ‘कॉम्प्युटर व्हिजन आणि ग्राफिक्सचे शास्त्रज्ञ’ म्हटलंय. ग्राफिक्स म्हणजे कार्टून आणि जाहिराती, असं मी समजत होतो. यात शास्त्र ते काय?

उत्तर : कार्टूनमधली सावली खरी वाटावी म्हणून दिव्याचा किरण कुठून निघाला, कुठे आपटला, किती शोषला गेला आणि किती उसळला, याचा हिशेब करावा लागतो. तेच शास्त्र. ग्राफिक्समध्ये वस्तू कशी आहे, दिवा कुठे आहे हे ठाऊक असतं आणि त्यावरून चित्र काढायचं असतं. व्हिजनमध्ये चित्र हातात असतं आणि त्यावरून वस्तू कशी असेल ते ओळखायचं असतं. दुसरं काम फार अवघड, कारण एकाच चित्राला कारणीभूत ठरतील अशा वस्तू अनेक असू शकतात.

रासकरांचं बहुतेक काम या दोहोंच्या मधल्या प्रदेशात आहे. त्याला संगणकीय छायाचित्रण म्हणतात. तुमच्या फोनमधला नाइट मोड हे त्याचं रोजच्या वापरातलं उदाहरण. तुम्ही बटण एकदाच दाबता, पण फोन भराभर अनेक फोटो घेतो, ते एकमेकांवर नीट बसवतो आणि त्यातून एक स्वच्छ चित्र तयार करतो. आपण बघतो तो फोटो भिंगाइतकाच गणितानेही घडवलेला असतो. नाइट मोड रासकरांनी केलेला नाही, हे आताच सांगून टाकते, नाहीतर पुढच्या अंकात त्यावरच पत्रं येतील.

प्रश्न (वृत्तपत्र छायाचित्रकार, कोल्हापूर) : कुस्तीच्या आखाड्यात, बैलगाडा शर्यतीत आमचे कितीतरी फोटो हलतात. हललेला फोटो नंतर सॉफ्टवेअरने सुधारता येतो असं म्हणतात, पण तो कधी नीट सुधारलेला मी पाहिला नाही. रासकरांनी यात वेगळं काय केलं?

उत्तर : मला विचाराल तर त्यांच्या सगळ्या कामाची किल्ली याच प्रश्नात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

समजा, उभ्या पट्ट्यांचा शर्ट घातलेला मुलगा तुमच्यासमोरून पळतोय. एक पट्टा काळा, एक पांढरा आणि जोडीची रुंदी चार सेंटिमीटर. शटर उघडं असेपर्यंत मुलगा नेमका चार सेंटिमीटर पुढे गेला. म्हणजे त्या जागेवरच्या सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्याने निम्मा वेळ काळं पाहिलं आणि निम्मा वेळ पांढरं. परिणाम काय, तर शर्टभर एकसारखा करडा रंग. आता हा फोटो जगातल्या सर्वांत हुशार सॉफ्टवेअरला दिलात तरी शर्ट मुळात करडाच होता की पट्ट्यांचा होता, हे त्याला गणिताने सांगता येणार नाही. पट्ट्यांची खूणच फोटोत उरलेली नाही. दोन सेंटिमीटरची जोडी असती तरी हेच झालं असतं, एक सेंटिमीटरची असती तरी हेच. चाराला पूर्ण भाग जाणाऱ्या प्रत्येक रुंदीचे पट्टे असेच पुसले जातात. चित्र पूर्ववत करायला बसलं की अशा प्रत्येक ठिकाणी शून्याने भागायची वेळ येते. तुम्ही सुधारलेल्या फोटोंत कडेकडेने लाटांसारख्या रेघा पाहिल्या असतील, त्या याच ओढाताणीतून येतात. आजची काही सॉफ्टवेअर त्या जागी शोभेलसा तपशील भरतात. चित्र छान दिसतं, पण तो तपशील तिथे खरोखर होता याची खात्री कोण देणार? बातमीच्या फोटोत तरी हे चालणार नाही.

२००६ मध्ये रासकर, अमित अगरवाल आणि जॅक टम्बलिन यांनी एका शोधनिबंधात प्रश्न उलट्या बाजूने धरला. फोटो बिघडल्यावर काय करायचं हे विचारण्याऐवजी, तो अशा तऱ्हेने बिघडू द्यायचा की नंतर सोडवता येईल. त्यांनी शटर उघडं ठेवण्याच्या काळाचे ५२ बारीक तुकडे केले. त्यातल्या निम्म्या तुकड्यांत शटर उघडं, निम्म्यांत बंद. पण एकाआड एक नाही. उघड, मिट, उघड, मग चारदा मिट, मग तीनदा उघड, असा वेडावाकडा क्रम. भिंगापुढे द्रवस्फटिकाचं शटर लावलं म्हणजे एवढ्या वेगाने उघडमीट करता येते. हा क्रम त्यांनी संगणकाकडून शोधून काढला. अट एकच होती : कुठल्याही रुंदीचे पट्टे पूर्णपणे पुसले जाता कामा नयेत. प्रत्येकाची काही ना काही खूण, फिकट का होईना, राहिली पाहिजे. फिकट खुणेवरून मूळ गोष्ट काढता येते, कारण आता भागायचं ते शून्याने नसून एका लहान आकड्याने.

याची किंमत आहे. निम्मा प्रकाश वाया जातो. वस्तू कुठल्या दिशेला आणि किती सरकली हेही कळावं लागतं. तुमच्या शर्यतीत बैल, चाकं, धूळ आणि गाडीवान असे चारी वेगवेगळ्या गतीने जात असतात, तिथे गणित फार गुंतेल. बाजारातल्या तुमच्या कॅमेऱ्यात असं शटर आलेलं नाही. तरीही हा निबंध मी दरवर्षी वर्गात शिकवते. टिपण्याच्या क्षणी जे हरवतं ते नंतर आणता येत नाही, म्हणून काय टिपायचं याचा विचार बटण दाबण्याच्या आधी व्हायला हवा, ही गोष्ट इतकी स्वच्छ मांडलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

प्रश्न (बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, जळगाव) : प्रकाश बाटलीतून सरकताना दिसतो तो त्यांचा व्हिडिओ खरा आहे की ॲनिमेशन? आणि कोपऱ्यापलीकडचं दिसतं म्हणजे नक्की काय?

उत्तर : खरा आहे. पण तो कसा तयार झाला हे कळल्याशिवाय ‘खरा’ या शब्दाचा नेमका अर्थ लागत नाही.

प्रकाश एका सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर जातो. सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातल्या एका भागात, म्हणजे एका पिकोसेकंदात, तो जेमतेम ०.३ मिलिमीटर सरकतो. रासकरांच्या गटाच्या व्हिडिओतली प्रत्येक चौकट (फ्रेम) साधारण दोन पिकोसेकंदांची होती. त्यासाठी त्यांनी स्ट्रीक कॅमेरा वापरला. तो एवढा वेगवान असतो, पण एका वेळी दृश्याची एकच आडवी ओळ पाहतो. शिवाय एका झोताचा प्रकाश त्याला अगदीच अपुरा. म्हणून बाटलीवर लेझरचे तेच ते झोत पुन्हा पुन्हा सोडायचे, आरसा किंचित फिरवून पुढची ओळ घ्यायची आणि सगळ्या ओळी मागाहून जुळवायच्या. तुला दिसतो तो एकाच झोताचा प्रवास नसून हुबेहूब सारख्या असंख्य झोतांचा मिळून बनलेला प्रवास आहे. फुटणारा फुगा असा टिपता येणार नाही, कारण तोच फुगा तसाच पुन्हा फुटत नाही. बाटलीतून जाणारा प्रकाश मात्र प्रत्येक वेळी अगदी तसाच जातो. म्हणजे एकूणएक मोजमाप खरं आणि ॲनिमेशन कुठेच नाही.

आता कोपरा. दारातून तुला समोरची भिंत दिसते, पण दाराआड ठेवलेली बाहुली दिसत नाही. लेझरचा झोत भिंतीवर मारायचा. तो भिंतीवरून चहूकडे विखुरतो, त्यातला थोडा बाहुलीवर पडतो, तिथून पुन्हा विखुरतो, त्यातला अगदी थोडा भिंतीवर परततो आणि भिंतीवरून त्याहूनही थोडा कॅमेऱ्यात येतो. तीन टप्पे. कॅमेरा नेमकी वेळ मोजतो आणि वेळेवरून एकूण अंतर कळतं. पण एकूणच कळतं. भिंत ते बाहुली किती आणि बाहुली ते भिंत किती, हे वेगळं कळत नाही. इथे शाळेत दोन टाचण्यांना दोरा बांधून काढलेलं लंबवर्तुळ आठव. दोऱ्याची लांबी ठरलेली असली की पेन्सिल त्या वक्रावर कुठेही असू शकते. तसंच बाहुलीचा तो ठिपका एका लंबवर्तुळाकार पृष्ठभागावर कुठेतरी आहे, एवढंच एका मोजमापातून समजतं. झोत भिंतीवर दुसरीकडे मारला की दुसरा पृष्ठभाग मिळतो, तिसरीकडे मारला की तिसरा. असे पुष्कळ पृष्ठभाग जिथे एकमेकांना छेदतात तिथे बाहुली. २०१२ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा त्यांनी पळण्याच्या पवित्र्यातल्या एका छोट्या पुतळ्याचा आकार असा शोधून दाखवला होता. निबंधाचे पहिले लेखक आंद्रेआस वेल्टन. सहलेखकांत मौंगी बावेंडी होते, ज्यांना २०२३ मध्ये क्वांटम डॉट्ससाठी, म्हणजे अर्धवाहकाच्या अतिसूक्ष्म कणांसाठी, रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. भौतिकी, रसायन, संगणक अशी माणसं एकत्र आली नसती तर हे झालं नसतं, हे तुझ्यासारख्या बी.एस्सी.च्या मुलीने मुद्दाम लक्षात घ्यावं.

प्रश्न (सहायक प्राध्यापक, नांदेड) : आमच्याकडे बढतीसाठी एच-इंडेक्स विचारतात. रासकरांसारख्या माणसाच्या संशोधनाचा प्रभाव खरोखर कसा मोजायचा?

उत्तर : इतर वाचकांसाठी आधी सांगते. एखाद्याच्या निदान वीस निबंधांना प्रत्येकी वीस किंवा जास्त वेळा इतर संशोधकांनी संदर्भ म्हणून घेतलं असेल, तर त्याचा एच-इंडेक्स वीस. आकडा उपयोगी आहे, पण त्यातून कोणत्या कामाने काय बदललं ते कळत नाही. शंभर जणांनी प्रस्तावनेत नाव घेऊन पुढे जाणं आणि दोघांनी तो प्रश्न उचलून आयुष्याची पाच वर्षं त्यात घालणं, या दोन गोष्टी या मापात नीट दिसत नाहीत. सर, मी तर दुसऱ्या गोष्टीलाच प्रभाव म्हणेन.

कोपऱ्यापलीकडे पाहण्याचंच घ्या. २०१२ चा प्रयोग महागड्या स्ट्रीक कॅमेऱ्यावर चालला होता. २०१८ मध्ये स्टॅनफर्डमधल्या मॅथ्यू ओटूल, डेव्हिड लिंडेल आणि गॉर्डन वेट्झस्टाइन यांनी ‘नेचर’मध्ये वेगळी मांडणी दाखवली. लेझर आणि संवेदक भिंतीवरच्या एकाच ठिपक्याकडे रोखले, तर आकडेमोड कितीतरी सोपी आणि झपाट्याची होते. संवेदकही एकेक फोटॉन मोजणारा, अर्धवाहकाचा. हे वेट्झस्टाइन त्याआधी रासकरांच्या गटात काम करून गेलेले. वेल्टन विस्कॉन्सिनला गेले, तिथे त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा उभारली आणि २०१९ मध्ये याच प्रश्नाला प्रकाशलहरींच्या गणिताने नवी वाट काढली. २०१२ च्या निबंधाचे सहलेखक अशोक वीरराघवन राइस विद्यापीठात, रासकरांचे विद्यार्थी अच्युत कदंबी लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, दोघेही याच परिसरातले प्रश्न पुढे नेत आहेत. अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने, डार्पाने, यावर स्वतंत्र कार्यक्रम चालवला. एका गटाच्या धाडसी प्रयोगातून संशोधनाचं एक अख्खं क्षेत्र उभं राहिलं. पुरस्कारही आहेत : २०१६ चं पाच लाख डॉलरचं लेमेल्सन-एमआयटी पारितोषिक, २०१७ चा सिग्राफ या संघटनेचा संगणक ग्राफिक्समधल्या कामगिरीचा पुरस्कार. पण बढतीच्या फॉर्मवर एक रकाना वाढवायची मला मुभा मिळाली, तर मी विचारेन : ‘तुमच्याकडून गेलेले विद्यार्थी आज कोणत्या प्रश्नावर काम करतात?’

प्रश्न (चष्म्याच्या दुकानाची मालकीण, सिन्नर) : मोबाइलला क्लिप लावून चष्म्याचा नंबर काढायचं त्यांचं यंत्र आहे म्हणे. आमच्याकडचं मशीन लाखांच्या घरातलं आहे. मग आम्ही काय करायचं? आणि लोकांनी घरीच नंबर काढावा का?

उत्तर : ताई, तुमची काळजी मी समजू शकते. आधी ते चालतं कसं ते सांगते, मग तुम्हीच ठरवाल.

त्या यंत्राचं नाव ‘नेत्र’. रासकर, व्हितोर पाम्प्लोना, अंकित मोहन आणि मनुएल ओलिव्हेरा यांनी ते २०१० मध्ये मांडलं. डोळ्याचे दोष तपासायची एक जुनी पद्धत अशी, की डोळ्याच्या पडद्यावर लेझरचा बारीक ठिपका पाडायचा, तो प्रकाश बुबुळातून बाहेर येताना कसा वाकतो ते बारीक भिंगांच्या जाळीतून संवेदकावर बघायचं. ‘नेत्र’मध्ये हीच वाट उलटी फिरवली आहे. संवेदकाच्या जागी फोनचा पडदा येतो आणि मोजायचं काम बघणारा माणूस करतो. पडद्यावर दोन रेघा उमटतात, एक लाल आणि एक हिरवी. डोळा निर्दोष असेल तर त्या एकावर एक दिसतात. दोष असेल तर लांब दिसतात. मग बटणं दाबून त्या जवळ आणायच्या आणि जुळल्या की थांबायचं. किती वेळा बटण दाबावं लागलं त्यावरून त्या दिशेचा नंबर निघतो. रेघांचा कोन बदलून हेच पुन्हा केलं की सिलिंड्रिकल नंबर आणि त्याचा ॲक्सिसही मिळतो. महागडा भाग, म्हणजे बारीक ठिपक्यांचा पडदा, लोकांच्या खिशात आधीच आहे. वर लागणारी क्लिप तेव्हा दोनेक डॉलरमध्ये होईल असा त्यांचा अंदाज होता.

यात डोळ्यावर लेझर सोडावा लागत नाही, हलणारे भाग नाहीत. पण माणसाने सांगितलेलं उत्तर हेच मोजमाप असल्यामुळे तो चुकला तर नंबर चुकतो. त्यातून तरुण डोळे जवळचं बघायला आपोआप ताण घेतात आणि तेवढा नंबर फसवा येतो. लहान मुलांच्या डोळ्यांत थेंब घालून तपासतात ते याचसाठी. म्हणजे मुलांसाठी हे घरचं काम नाही. शिवाय नंबर म्हणजे डोळ्याची तपासणी नव्हे. काचबिंदू, मधुमेहामुळे पडद्याला होणारी इजा, यातलं काहीही त्या दोन रेघांवरून कळत नाही. चाळिशीनंतर नंबर बरोबर असला तरी डॉक्टरांकडे जायलाच हवं. मोतीबिंदूसाठी त्यांच्याच गटाने २०११ मध्ये ‘कॅट्रा’ नावाचं दुसरं उपकरण मांडलं, ते वेगळं.

तुमच्या दुकानाचं म्हणाल तर काच घासून बसवणं, डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर घेणं, फ्रेम नाकावर नीट बसवणं, हे फोन करत नाही. मला दिसतं ते असं : हरसूल-पेठच्या एखाद्या पाड्यावर शाळेतल्या शिक्षकाच्या फोनवर हे यंत्र असेल, तर फळा दिसत नाही म्हणून मागे पडणाऱ्या मुलावर त्याची शंका तरी जाईल. पक्का नंबर डॉक्टर थेंब घालून काढतील आणि चष्मा करायला ते पोर तुमच्याच दुकानात येईल. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेबरोबर रासकरांच्या गटाने नवी उपकरणं घडवण्याचं केंद्र उभं केलं, तेही डॉक्टर आणि इंजिनियर एका छपराखाली बसावेत म्हणून.

प्रश्न (गणेश मंडळाचे सजावटकार, पुणे) : पांढऱ्या देखाव्यावर प्रोजेक्टरने रंग आणि हालचाल आणतो ती कल्पना त्यांची?

उत्तर : सर्वस्वी त्यांची नाही. पुतळ्याच्या तोंडावर चलच्चित्र पाडून त्याला बोलता करायची युक्ती अमेरिकेतल्या करमणूक उद्यानांत त्याच्या कितीतरी आधी होती आणि मायकल नायमार्क या कलाकाराने १९८० च्या सुमारास अख्खी खोलीच अशी रंगवली होती. रासकर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ‘शेडर लॅम्प्स’मध्ये त्यामागचं गणित नीट बसवलं. वस्तूचा आकार आणि प्रोजेक्टरची जागा ठाऊक असेल, तर कुठला ठिपका किती उजळ टाकायचा, दोन प्रोजेक्टरांचा प्रकाश एकमेकांवर पडतो तिथे जोड कसा लपवायचा, हे सगळं. त्यांनी त्यासाठी घेतलेला नमुना होता ताजमहालाची पांढरीशुभ्र प्रतिकृती. तुम्ही देखाव्याला पांढरा मॅट रंगच का लावता, याचं कारणही त्यात सापडेल.

प्रश्न (मोडी लिपीच्या अभ्यासक, भोर) : मिटलेलं पुस्तक न उघडता वाचता येतं असं तुम्ही लिहिलंत. आमच्याकडे ओल लागून चिकटलेली दप्तरं आहेत. ती वाचता येतील का?

उत्तर : आशा लावते, पण खोटी नाही. २०१६ चा तो प्रयोग बर्मक हेशमत, रासकर आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी टेराहर्ट्झ लहरी, म्हणजे मायक्रोवेव्ह आणि अवरक्त यांच्या मधल्या लहरी, वापरल्या. त्या कागदातून आरपार जातात, पण दोन पानांच्या मधल्या हवेच्या अतिशय पातळ फटीवरून थोड्या परावर्तित होतात. परतीच्या वेळेवरून पान कितवं ते कळतं, शाई आणि कोरा कागद यांच्यातल्या फरकावरून अक्षर. त्यांनी एका पानावर एकच मोठं अक्षर काढलं होतं आणि वरच्या नऊ पानांपर्यंतची अक्षरं ओळखली. तुमच्या दप्तरात एकेका बंदावर दाट, जोडून लिहिलेली मोडी आहे. आणि पानं पूर्ण चिकटली असतील तर ज्या फटीवर सगळं अवलंबून आहे ती फटच उरलेली नाही. शाईत लोहासारखा धातू असेल तर क्ष-किरणांचा मार्ग तुम्हाला जास्त जवळचा. केंटकी विद्यापीठातल्या ब्रेंट सील्स यांनी इस्रायलमधल्या एन-गेदी इथे सापडलेली जळून कोळसा झालेली गुंडाळी क्ष-किरणांच्या सूक्ष्म सीटी स्कॅनने न उलगडता वाचली. तोवर दप्तर जबरदस्तीने सोडवू नका आणि कोरड्या जागी ठेवा, एवढी कळकळीची विनंती.

प्रश्न (गृहिणी, रत्नागिरी) : मला हे वाचून भीती वाटली. आडोशाचं पाहणारा कॅमेरा उद्या कुणाच्याही हातात गेला तर?

उत्तर : भीती रास्त आहे. आज ते यंत्र बंद खोलीत डोकावू शकत नाही. लपलेल्या वस्तूसमोरची भिंत कॅमेऱ्याला दिसावी लागते आणि दार-पडदा लावला की सगळं थांबतं. धुराने भरलेल्या इमारतीत अडकलेला माणूस, वळणापलीकडून येणारी गाडी, शरीरातल्या वळणावळणाच्या पोकळ्या, असे उपयोग संशोधक सांगतात. पण तंत्र सुधारत जाणार आणि डार्पासारख्या संस्थेचा रस कशासाठी असतो हेही आपल्याला कळतं. माझं मत असं, की यावरचे कायदे यंत्र बाजारात यायच्या आधी व्हायला हवेत.

रासकरांच्या नंतरच्या कामात हा विचार ठळक दिसतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. २०१८ मध्ये त्यांनी ओत्क्रिस्त गुप्ता यांच्याबरोबर एक पद्धत मांडली. न्यूरल नेटवर्कचे, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणक-प्रणालीचे, दोन भाग करायचे, पहिला भाग रुग्णालयाच्या संगणकावर राहणार, दुसरा मध्यवर्ती संगणकावर. रुग्णाचा मूळ फोटो किंवा अहवाल रुग्णालयाबाहेर जातच नाही, अर्धवट पचवलेले आकडे तेवढे जातात. २०२० मध्ये करोना पसरला तेव्हा त्यांच्या पुढाकारातून ‘सेफ पाथ्स’ निघालं. तुम्ही कुठे कुठे गेलात याची नोंद तुमच्याच फोनवर राहावी, सरकारी सर्व्हरवर नको, ही त्यामागची धारणा. त्यातून उभ्या राहिलेल्या पाथचेक फाउंडेशनने ग्वाम, हवाई, मिनेसोटा अशा ठिकाणी संपर्काची सूचना देणारी ॲप्स बनवली. काय टिपायचं हे ज्याने इतकी वर्षं ठरवलं, त्यानेच काय टिपायचं नाही याचाही विचार केला.

प्रश्न (किराणा व्यापारी, पंचवटी, नाशिक) : माणूस आपल्या गावचा, पण गावाला काय मिळालं?

उत्तर : २००३ च्या कुंभमेळ्यात रामकुंडाकडे जाणाऱ्या चिंचोळ्या रस्त्यावर चेंगराचेंगरीत ३९ जण गेले, ते पंचवटीकरांना मी सांगायला नको. २०१५ च्या सिंहस्थाआधी रासकरांनी एमआयटीतले सहकारी, इथले विद्यार्थी, उद्योजक आणि प्रशासन यांना एकत्र बसवून ‘कुंभथॉन’ची शिबिरं घेतली. त्यात नाशिकच्या एका शाळकरी मुलाने वरून किती माणसं चालत गेली हे मोजणारी, दाबाचे संवेदक लावलेली चटई बनवली. तिच्यावरून गर्दी कुठे साचतेय ते कळतं. ती कुंभात वापरूनही पाहिली गेली. पुढे टीसीएसने नाशिकमध्ये ‘डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर’ हे केंद्र सुरू केलं, तेही याच खटाटोपातून. कुंभ बारा वर्षांनी पुन्हा दाराशी आलाय. तेव्हा शिकलेलं किती उपयोगात आणतोय, हे शहर म्हणून आपण महापालिकेला विचारलं पाहिजे. ते काम एमआयटीचं नाही.

प्रश्न (अकरावीचा विद्यार्थी, बार्शी) : मला यातच काम करायचं आहे. आत्तापासून काय करू?

उत्तर : गणितात मॅट्रिक्स आणि त्रिकोणमिती घट्ट कर, भौतिकशास्त्रातला प्रकाशाचा धडा परीक्षेपुरता वाचू नकोस. पायथन शीक, त्यात वापरता येणारी चित्रांवर काम करायची ओपनसीव्ही ही लायब्ररी फुकट मिळते. महागडा कॅमेरा लागत नाही. फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड असेल तर शटरचा वेग हाताने बदलता येतो. घरातल्या पंख्याच्या एका पात्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा कागद चिकटव, वेगवेगळ्या शटरवेगांना फोटो काढ आणि कुठल्या फोटोत पट्टे पुसले जातात ते वहीत लिहून ठेव. पात्याच्या टोकाला आणि मुळाशी उत्तर वेगळं येईल. का येतं ते शोध आणि मला कळव.